पलंगाखालची पेटी आणि ठिबकणारा नळ

कोथरूडमधल्या एका 61 वर्षांच्या वाचक भगिनींचं पत्र आहे. यजमान कारखान्यात टूलरूममध्ये होते, दोन वर्षांपूर्वी गेले. घर 1994 सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आता त्या एकट्याच राहतात. खिळा ठोकण्यापासून गिझरपर्यंत घरातलं सगळं यजमान स्वतः करायचे. आता स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, पावसाळा लागल्यापासून बाथरूमचं दार लागत नाही, मधल्या खोलीतला पंखा पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा फिरतो आणि मिक्सरचा प्लग लावताना ठिणगी उडते. मागच्या खेपेला बेसिनच्या नळासाठी प्लंबरने चार दिवस वाट बघायला लावली आणि 1,800 रुपये घेतले. कॅनडातला मुलगा म्हणतो, 108 नगांचा टूल किट आणि बॅटरीवरचा ड्रिल ऑनलाइन मागवून देतो, व्हिडिओ बघून कर. ठाण्याची मुलगी म्हणते, या वयात नसते उद्योग नकोत, ॲपवरून माणूस बोलव. यजमानांची लोखंडी पेटी पलंगाखाली आहे, ती त्यांना उचलतही नाही. भाचा म्हणतो, भंगारात द्या. त्या लिहितात: "पेटी उघडली की भरून येतं आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांच्या घरात बाहेरचा माणूस बोलवायचा म्हणजे त्यांचा अपमान केल्यासारखं वाटतं. मी शिकावं का? शिकायचं तर कुठली हत्यारं घेऊ? की मुलीचं ऐकू?"

ताई,

आधी मीच तुम्हाला एक विचारते. इतक्या वर्षांच्या संसारात यजमान सिंकखाली आडवे होऊन काम करत असताना टॉर्च कोण धरत होतं? स्टूल कोण धरत होतं? "तो पाना दे, तो नाही गं, मोठा," हे कुणाला ऐकावं लागत होतं? मी अंदाज करतेय, चुकत असेन तर सोडून द्या. पण टॉर्च धरणाऱ्या माणसाला नळाच्या आतलं बरंच दिसलेलं असतं. "ओ की ठो" मला काही पटलं नाही. तुमच्या पत्रातच बघा ना: पंखा "पाचवर ठेवला तरी दोनवर असल्यासारखा" फिरतो, असं तुम्ही लिहिलंय. नुसतं "पंखा बिघडलाय" असं लिहिलं नाही. तक्रार इतकी नेमकी सांगणारी गिऱ्हाइकं इलेक्ट्रिशियनला फार भेटत नाहीत.

कुठली हत्यारं घेऊ, या प्रश्नाचं माझं उत्तर आहे: आज एकही घेऊ नका. काम समोर आलं की त्या कामापुरतं हत्यार घ्यायचं, ही चाल सगळ्यात स्वस्त पडते, आणि कारागीर मंडळीही तसंच करतात. तुमची कामं चार आहेत. त्यातला नळ तुमचा, दार अर्धं तुमचं, पंखा आणि प्लग अजिबात तुमचे नाहीत.

नळाकडे वळण्याआधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं सगळं गंभीरपणे घ्याल. माझ्या पहिल्या नळदुरुस्तीच्या दिवशी माझ्याकडे कोरा करकरीत पाना होता, नवा वायसर होता, दोन व्हिडिओ बघून झाले होते. नळाखालचा अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायची छोटी तोटी, कित्येक वर्षांत कुणी फिरवला नव्हता. तो घट्ट बसला होता. मी पान्याने जोर लावला आणि त्याची दांडी माझ्या हातात आली. पाणी थेट समोरच्या भिंतीवर! गाऊनवरच जिने चढून गच्चीवर गेले तर टाकीजवळ सहा व्हॉल्व्ह, एकावरही नाव नाही. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, बहुतेक तिसरा." तिसरा नव्हता. शेवटी मी सगळेच बंद केले आणि रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या विंगमधल्या बारा घरांचं पाणी गेलं. दोन घरांत लोक साबण लावून उभे होते, हे मला नंतर बरेच महिने ऐकवलं गेलं.

तेव्हा तुमचं पहिलं काम हत्याराविना करायचं आहे. एखाद्या दुपारी सोसायटीच्या माणसाला बरोबर घ्या आणि गच्चीवरून तुमच्या स्वयंपाकघराला येणारी लाइन कुठल्या व्हॉल्व्हने बंद होते ते शोधून काढा. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराची आणि बाथरूमची लाइन बहुधा वेगवेगळी उतरते, आणि एका लाइनवर वरपासून खालपर्यंतची घरं असतात. म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगायचं. व्हॉल्व्ह सापडला की ऑइल पेंटने त्यावर खूण करून घ्या. सेक्रेटरींच्या कानावर घातलंत तर सगळ्याच व्हॉल्व्हवर नावं पडतील. घरात सिंकखाली छोटा कॉक असेल तर तो हाताने, पाना न लावता, फिरतो का बघा. सहज फिरला तर उत्तम. नाही फिरला तर त्याच्याशी भांडू नका, गच्चीवरचाच व्हॉल्व्ह बंद करायचा.

आता नळ. पाणी कुठून येतंय ते आधी नीट बघा. तोंडातून ठिबकत असेल तर आतला वायसर किंवा स्पिंडल (मुठीखालची, पाणी उघडबंद करणारी दांडी) गेलाय. मुठीच्या बुडाशी पाझरत असेल तर तिथलं रबर गेलंय. आणि नळ भिंतीत शिरतो तिथे ओल असेल तर थांबा, ते काम तुमचं नाही. 1994 च्या इमारतीत भिंतीतली लाइन लोखंडी जीआय पाइपची असण्याची शक्यता बरीच आहे. इतक्या वर्षांत तो पाइप आतून गंजलेला असतो. नळ मुळापासून फिरवायला गेलात आणि भिंतीतला आटा तुटला, तर वायसरच्या कामाचं टाइल्स फोडायचं काम होऊन बसतं. अनुभवी प्लंबरसुद्धा तिथे जपूनच हात घालतो.

तोंडातूनच ठिबकतंय असं धरून चालू. नळ दोन जातींचे. बंद करायला मूठ तीन-चार वेळा फिरवावी लागत असेल तर जुन्या पद्धतीचा, आत रबराचा वायसर. पाव वळणात बंद होत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचा स्पिंडल. चकत्यांत कचरा किंवा क्षार अडकले की ओरखडे पडतात. मग तो दुरुस्त होत नाही, अख्खा स्पिंडल बदलायचा.

पाणी बंद केलंत, नळ उघडून उरलंसुरलं पाणी जाऊ दिलंत. आता एक गोष्ट विसरू नका: सिंकच्या जाळीवर जुनं फडकं पसरा. मुठीचा स्क्रू मसूरडाळीएवढा असतो आणि तो नेमका त्या भोकातच जातो. मुठीवरची लाल-निळी टिकली पातळ स्क्रूड्रायव्हरने किंवा सुरीच्या टोकाने उचकटायची. तिच्याखाली तो स्क्रू. तो काढला की मूठ वर उचलून निघते. क्षारांमुळे चिकटली असेल तर तिच्याभोवती व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी अर्धा तास गुंडाळून ठेवा. मुठीखाली एक सहा बाजूंचा नट दिसेल. पान्याचे दात नळाचं पॉलिश खातात, म्हणून मध्ये कापड घ्यायचं. डाव्या हाताने नळ घट्ट धरायचा, उजव्या हाताने नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. डावा हात सोडला तर नट राहतो बाजूला आणि नळच भिंतीत फिरतो. पुन्हा तोच गंजका पाइप! नट सुटला की स्पिंडल हातात येतो. जुन्या पद्धतीचा असेल तर बुडाशी काळा रबरी वायसर दिसेल आणि त्यावर गोल खाच पडलेली असेल. वर्षानुवर्षं तो पितळेच्या कडेवर दाबला गेल्याची ती खूण. त्या खाचेतूनच तुमचं पाणी रात्रभर ठिबकत असतं.

निघालेला तुकडा तसाच पाकिटात घालून हार्डवेअरच्या दुकानात न्यायचा. "अर्ध्या इंची नळाचा वायसर द्या" म्हटलंत तर चार प्रकारचे समोर येतील. स्पिंडलचं तर विचारूच नका. लांबी वेगळी, वरच्या दात्यांची संख्या वेगळी, प्रत्येक कंपनीचं आपलं निराळं. नमुना हातात असला की दुकानदार दोन मिनिटांत जोड काढून देतो. म्हणूनच हे काम कधीही रविवारी काढू नका. दुकान उघडं असेल अशा दिवशी, सकाळी, आणि स्वयंपाकाचं पाणी दोन पातेली भरून ठेवून.

बसवताना उलट क्रम. फक्त एक गोष्ट जपा: नट हाताला लागेपर्यंत घट्ट करायचा आणि मग पान्याने थोडासा, वळणाचा चौथा हिस्सा. गळू नये म्हणून माणूस दात-ओठ खाऊन आवळतो, मग नवा वायसर पहिल्याच दिवशी चेपतो. माझ्या हातून असे दोन चेपलेत.

दाराचं अर्धं काम तुमचं, असं म्हटलं ते का, सांगते. पावसाळ्यात लाकूड फुगतं हे खरं, पण दरवेळी दोष लाकडाचा नसतो. दार अर्धं उघडून कडीपाशी धरा आणि किंचित वर उचलून बघा. हललं तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत आणि दार खाली ओथंबलंय. स्क्रू आवळून बघा. भोक मोठं होऊन स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्या भोकात काड्यापेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकायच्या, वाळल्यावर वर आलेलं टोक कापायचं आणि स्क्रू पुन्हा लावायचा. हा सुतारांचाच जुना उपाय आहे, आणि तो करायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

बिजागरी ठीक असेल तर चौकटीच्या कडेला खडू घासा आणि दार लावून उघडा. जिथे घासतंय तिथे दारावर खडू उमटेल. तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासा. लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला 80 नंबरचा पेपर गुंडाळला की हात सरळ चालतो. सुताराला बोलावून आत्ता रंधा मात्र मारून घेऊ नका. जुलैत रंधलेलं दार डिसेंबरात सुकतं आणि मग बोटभर फट पडते. उन्हाळ्यात दार उतरवून त्याची खालची कड बघायला सांगा. ती कड कुणाला दिसत नाही, म्हणून बरेचदा रंगवलेलीच नसते, आणि बाथरूमचं पाणी तिथूनच वर शोषलं जातं. हे उतरवायचं काम सुताराचं, तुमचं नाही.

पंखा. पंखा बंद असताना केरसुणीच्या दांडीने पातं हळूच ढकलून बघा. मोकळेपणाने फिरत राहिलं तर बेअरिंग ठीक आहे, आणि पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे मोटरला जोर देणाऱ्या छोट्या डबीवर, घ्यायचा. छताच्या बहुतेक पंख्यांना 2.5 एमएफडीचा (मायक्रोफॅरड, हे त्याचं माप) लागतो, फार महाग वस्तू नाही. पण तो बदलायला तुम्ही वर चढायचं नाही. घरातल्या दुरुस्तीत विजेइतकीच भीती मला प्लास्टिकच्या स्टुलाची वाटते. या बाबतीत तुमच्या मुलीचं शंभर टक्के ऐका. इलेक्ट्रिशियनला फोन करताना मात्र नुसतं "पंखा हळू फिरतो" म्हणू नका. "बेअरिंग मोकळं आहे, कंडेन्सर घेऊन या" म्हणा. त्याची एक खेप वाचते, आणि "पंखा रिवाइंड करावा लागेल", म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळावी लागेल, हे वाक्य ऐकू येण्याची शक्यताही कमी होते.

आता मिक्सरचा प्लग, आणि इथे मी जरा दटावूनच सांगणार आहे. बटण बंद न करता प्लग लावण्या-काढण्याची सवय असेल तर ठिणगी त्यानेही उडते. ती सवय आजपासून सोडा. बटण बंद ठेवून लावल्यावरही चर्रर्र आवाज येत असेल, सॉकेटभोवती तपकिरी डाग असेल, किंवा मिक्सर चालवल्यावर सॉकेट गरम लागत असेल तर आतली पकड ढिली झालीय. तो पॉइंट वापरणं थांबवा आणि परवानाधारक वायरमनकडून सॉकेट बदलून घ्या. व्हिडिओत हे पाच मिनिटांचं काम दिसतं. दिसू द्या. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची आहे आणि जुन्या बोर्डात फेजची तार नेमकी बटणावर आलीय, की कुणी कधी काळी न्यूट्रल बटणावर घेतलीय, हे व्हिडिओवाल्याला माहीत नसतं. तसं असेल तर बटण बंद करूनही सॉकेटात वीज असते.

वायरमन आलाच आहे तर त्याला मेन बोर्ड उघडून दाखवायला सांगा. त्या काळच्या कित्येक घरांत अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत. यजमानांनी ते बदलून एमसीबी बसवलेही असतील. पण मला हवा असलेला डबा वेगळा: टी अक्षराचं छोटं बटण असलेला, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरिंगला वाचवतो, म्हणजे लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जायला लागली तर ते त्याला कळतही नाही, कारण तेवढी वीज त्याच्या हिशेबी नगण्य असते. आरसीसीबीला ते कळतं आणि तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. महिन्यातून एकदा टी दाबायचं. तो खाली पडला म्हणजे जागा आहे. जुन्या वायरिंगवर बसवला की सुरुवातीला सारखा पडतो आणि लोक वैतागून काढून टाकायला सांगतात. तुम्ही तसं करू नका. कुठेतरी गळती असल्याशिवाय तो बहुधा पडत नाही, ती शोधून घ्या.

म्हणून मुलाला सांगा, बाबा रे, तुझ्या त्या ड्रिलच्या पैशात आईच्या बोर्डावर आरसीसीबी बसव. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात 108 नगांच्या संचापेक्षा हा एक नग मला जास्त मोलाचा वाटतो.

त्या संचाबद्दलही दोन शब्द, कारण "कुठला किट घेऊ" विचारणारी पत्रं मला दर महिन्याला येतात. बहुतेक पत्रं नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या मुलामुलींची असतात. मोठ्या संचाचा डबा उघडला की निम्म्याहून जास्त नग गोटी पाने आणि स्क्रूड्रायव्हरची टोकं असतात. गोट्या नट-बोल्टसाठी, म्हणजे गाड्यांसाठी. घरात बोल्ट असतात तरी किती? स्वस्त संचातल्या टोकांचं पोलाद मऊ असतं. जुना घट्ट स्क्रू आला की टोकाच्या कडा झिजतात आणि स्क्रूची फुलीही गुळगुळीत होते. मग तो स्क्रू ना आत जातो, ना बाहेर येतो. त्यापेक्षा पुण्यातल्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, एक चक्कर मारा आणि सुटी हत्यारं हातात घेऊन बघा. दोन नंबरच्या फुलीचा एक स्क्रूड्रायव्हर, एक सपाट, एक दहा इंची ॲडजस्टेबल पाना, एक आठ इंची पकड, मोजायची टेप, हलकी हातोडी, आणि टेफ्लॉन टेपची दोन रिळं. टपारियासारख्या, नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या, नावाचं घेतलंत तरी हे सगळं मोठ्या संचाच्या आसपासच बसतं आणि पुढच्या पिढीला जातं. पाना उघडमीट करून बघा. जबडा डगडगत असेल तर परत ठेवा.

ड्रिलचं म्हणाल तर वर्षातून दोन भोकं पाडायला ड्रिल विकत घ्यायचा नसतो, मागून आणायचा असतो. चार घरांनी मिळून एक घेतला तरी खूप झालं. घ्यायचाच असेल तर आधी भिंत कशाची आहे ते बघा. जुन्या विटांच्या भिंतीत हॅमरवर टाकून 6 मिलिमीटरचं भोक सुखाने पडतं. हल्लीच्या इमारतींत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंती असतात, तिथे हॅमर लावला की भोक भसाभस मोठं होतं आणि साधी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती प्लास्टिकची खुंटी) गोल गोल फिरते. तिथे हॅमर बंद ठेवायचा आणि लांब गिट्टी घ्यायची. पडद्याचा रॉड खिडकीवरच्या बीममध्ये लावायचा असेल तर तिथे काँक्रीट असतं, आणि हौशी बॅटरी ड्रिल धूर काढतो पण आत जात नाही. आणि बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नये, तिथूनच वायरचा पाइप गेलेला असतो. नळांच्या वरही तेच.

आता पेटी. ताई, तुम्हाला नळासाठी जे लागेल ते बहुतेक त्या पेटीत आहेच. म्हणून तर म्हटलं, आज काही घेऊ नका. पण ती पूर्ण उघडून आवरायला बसू नका. नळाच्या दिवशी पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि पकड एवढंच काढा, कापडी पिशवीत घाला आणि ती पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगा. पेटी पलंगाखालीच राहू दे. पकडीच्या दांड्यांवरचं प्लास्टिक तडकलेलं असेल, किंवा वर काळी टेप गुंडाळलेली असेल, तर ती पकड फक्त नळापुरती. विजेच्या जवळ न्यायची नाही.

पेटीत आणखीही बरंच असणार. टूलरूमचा माणूस म्हणजे कारखान्यासाठी डाय (साचे) आणि फिक्श्चर (काम पक्कं धरून ठेवायची साधनं) करणारा. कानशी असतील, गुण्या असेल, टॅप-डाय असतील, कापडात गुंडाळलेला व्हर्निअर असेल, कदाचित मायक्रोमीटर. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं ते यंत्र तुमच्या नळाच्या काही कामाचं नाही. पण भंगारवाला ते किलोवर घेईल, आणि भाच्याला सांगा, माप घ्यायची हत्यारं किलोवर विकायची नसतात. तुमची तयारी होईल तेव्हा, यंदा नाही तर दोन वर्षांनी, आयटीआयत फिटरचा ट्रेड करणारा एखादा मुलगा शोधा. तो ती दोन्ही हातांनी घेईल.

त्या अपमानाच्या भावनेबद्दल मी बराच विचार केला. बाहेरचा माणूस बोलावला की यजमानांचा अपमान होतो, असं तुम्हाला वाटतं. पण ते ज्या जगात वाढले तिथला रिवाज आठवा. कारखान्यात फिटर वेगळा, टर्नर वेगळा, वायरमन वेगळा. मशीनची मोटर बंद पडली तर टूलरूमचा कितीही मोठा कसबी स्वतः पॅनेल उघडत नाही, वायरमनला हाक मारतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्याच्या ट्रेडमध्ये हात न घालणं ही तिथली शिस्तच आहे. घरी त्यांनी सगळं केलं, कारण त्यांचे हात तयार होते. तुमचे एवढ्यात होणार नाहीत, आणि काही कामांसाठी तर व्हायलाही नकोत.

प्लंबरबद्दलही थोडं त्याच्या बाजूने. त्या 1,800 मध्ये नवा नळ आला असेल तर रक्कम फार जास्त नव्हती. नुसता वायसर बदलला असेल तर होती. नेमकं काय बदललं हे तुम्हाला आज सांगता येत नाही, खरी अडचण ती आहे. पुढच्या वेळी फोनवरच विचारा: येण्याचे किती, सामान तुम्ही आणणार की मी आणू? काढलेला जुना भाग मागून घ्या आणि "काय गेलं होतं" ते दाखवायला सांगा. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो. आणि एका वायसरसाठी अर्धा दिवस मोडून कुणी येत नाही. फ्रिजवर कागद लावा, तीन-चार कामं साठली की एकदम बोलवा, तो चार दिवसांऐवजी दुसऱ्या दिवशी येईल. ॲपचा माणूस वेळेवर येतो हे खरं, पण दरवेळी नवा असतो. तुमच्या इमारतीचे पाइप ओळखणारा एक माणूस जोडून ठेवावा, या मताची मी आहे. यजमान ज्या दुकानातून सामान आणत तिथे जाऊन त्यांचं नाव सांगा आणि चांगला प्लंबर कोण, विचारा.

एक राहिलं. छतावर किंवा भिंतीवर ओल दिसली तर पुट्टी-रंगाच्या मागे लागू नका. वरच्या घराच्या बाथरूममधून येत असेल तर तो त्या घराने करायचा खर्च, गच्चीवरून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून येत असेल तर सोसायटीचा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये हे लिहिलेलं आहे. आणि तुमची इमारत रिडेव्हलपमेंटला जायची चर्चा असेल (कोथरूडात कुणाची नाही?), तर टाइल्स फोडायची मोठी कामं तूर्त काढूच नका.

मुलगा काहीतरी पाठवल्याशिवाय राहणार नाही, मुलं ऐकत नाहीत. तर त्याला सांगा, डोक्याला पट्ट्याने बांधायचा टॉर्च पाठव. सिंकखाली दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि आता टॉर्च धरायला दुसरं कुणी नाही.